साथ, लस आणि लोकविश्वास : मांडवीच्या प्लेगपासून कोरोनापर्यंत

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे यांचेच स्मरण प्रथम होते. परंतु सामान्य माणसाच्या घरादारावर राजसत्तेइतकाच, किंबहुना तिच्याहून खोल ठसा साथीच्या रोगांनी उमटविलेला आहे. मार्च २०२० ते एप्रिल २०२२ ही दोन वर्षे महाराष्ट्राने ज्या अवस्थेत काढली, तिच्या आठवणी घराघरांत आहेत. पण आठवण आणि इतिहास एकच नव्हेत. आठवणी हळूहळू पुसट होतात, आणि नोंद केली नाही तर पुढची पिढी तोच धडा पुन्हा पहिल्या पानापासून शिकते. म्हणून या दोन वर्षांचा विचार करताना सव्वाशे वर्षे मागे, मुंबईच्या मांडवी विभागापर्यंत जाणे इष्ट ठरते. २०२० मध्ये ज्या कायद्याखाली शहरे बंद झाली तो कायदा त्याच प्लेगच्या धामधुमीत जन्मला, आणि भारतातील लसनिर्मितीच्या एका मोठ्या परंपरेचा उगमही तेथेच आहे.

मांडवीचा प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी मांडवी भागातील रुग्ण तपासून हा गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले. मांडवी ही बंदरालगतची बाजारपेठ. खाली धान्याची वखार आणि वर राहती जागा, अशी तेथील व्यापारी वस्तीची रीत. कच्छी व गुजराती व्यापाऱ्यांची, त्यांत जैन कुटुंबांचीही, येथे मोठी वस्ती होती. धान्य तेथे उंदीर, आणि उंदीर तेथे पिसवा, हे प्लेगचे सूत्र त्या वेळी कोणास ठाऊक नव्हते. लोक भयाने शहर सोडून गावाकडे निघाले आणि त्यांच्यासोबत रोगही गावोगावी पोहोचला.

सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत केला. जेमतेम चार कलमांच्या या कायद्याने अधिकाऱ्यांच्या हाती अमर्याद अधिकार दिले. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड याच्या हुकमतीखाली गोऱ्या सोजिरांनी घरोघर शिरून तपासण्या केल्या. देवघर, स्वयंपाकघर, स्त्रियांची मर्यादा यांपैकी कशाचाही मुलाहिजा राहिला नाही. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली; पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. मुंबईत त्याआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, अशी समजूत लोकांत दृढ झाली होती. उपाय चुकीचे होते असे नव्हे. रुग्णास वेगळे ठेवणे, घर स्वच्छ करणे हे आवश्यकच होते. चुकली ती रीत. हुकूम होता, पण विश्वास नव्हता.

त्याच काळात विश्वासाने काम करणारी माणसेही होती. सावित्रीबाई फुले आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या. त्या सेवेतच त्यांना प्लेगची बाधा होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. लोकमान्य टिळकांनी शहर न सोडता हिंदू प्लेग रुग्णालयाच्या उभारणीस हातभार लावला. निरनिराळ्या समाजांनी आपापल्या लोकांसाठी रुग्णालये काढली, आणि परक्या रुग्णालयाला घाबरणारे रुग्ण तेथे निःशंकपणे जाऊ लागले.

हाफकिन यांची सुई

डॉ. वाल्डेमार हाफकिन हे ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांनी अवघ्या तीन महिन्यांत प्लेगवरील लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांमध्ये तिची परीक्षा झाली. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू तिसरे आगाखान यांनी लोकांसमक्ष लस टोचून घेतली, तेव्हा त्यांच्या समाजातील हजारो लोक पुढे आले. सरकारी जाहिरनाम्यांनी जे साधले नाही ते एका विश्वासू माणसाच्या दंडाने साधले.

विश्वास मिळविण्यास वर्षे लागतात आणि जाण्यास एक दिवस पुरतो, याचेही उदाहरण हाफकिन यांच्याच चरित्रात आहे. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिन यांच्या माथी आला आणि त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. शास्त्रज्ञांच्या प्रयत्नांनी १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. परंतु दरम्यान लोकांच्या मनात बसलेली भीती सहजासहजी गेली नाही. परळ येथील त्यांच्या प्रयोगशाळेस १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले, एवढे समाधान या कथेच्या शेवटी आहे.

पाडव्याची बंद दारे

९ मार्च २०२० रोजी पुण्यात दुबईहून परतलेल्या दोघांना कोरोनाची लागण झाल्याचे उघड झाले. राज्याने त्याच आठवड्यात १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. २२ मार्चच्या रविवारी जनता कर्फ्यू झाला, सायंकाळी गॅलरीत उभे राहून लोकांनी थाळ्या वाजविल्या, आणि त्याच मध्यरात्री मुंबईची लोकल थांबली. युद्धकाळातही धावलेली ही गाडी थांबल्याचे पाहून साथीचे गांभीर्य अनेकांना प्रथमच जाणवले. २५ मार्च रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली. तो गुढीपाडव्याचा दिवस होता. गुढ्या उभ्या राहिल्या. परंतु साखरगाठी घेऊन कोणी कोणाकडे गेले नाही.

त्यानंतरच्या दिनक्रमाचे वर्णन पुढील पिढीस अतिशयोक्त वाटेल. किराणा दुकानासमोर खडूने वर्तुळे आखली गेली आणि एकेका वर्तुळात एकेक माणूस उभा राहिला. दुधाच्या पिशव्या धुऊन घरात घेतल्या जात, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली जाई. मुलांची शाळा आईवडिलांच्या मोबाईलवर आली. ज्या घरी एकच मोबाईल आणि तीन मुले, त्या घरी शाळाही वाटून घ्यावी लागली. लग्ने पन्नास माणसांत आणि अंत्यविधी वीस माणसांत उरकण्याचे दंडक आले. शेजारी कोणी आजारी पडले की महापालिकेची माणसे दारावर पट्टी लावून जात. त्या पट्टीने रोगापेक्षा अधिक दुरावा आणला, हे मान्य करावयास हवे.

ज्यांना घरच नव्हते त्यांची कथा वेगळी. हातावर पोट असलेले हजारो मजूर पायी गावाकडे निघाले. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादनजीक करमाड येथे, जालन्याहून भुसावळकडे चालत निघालेले आणि थकून रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्या महाराष्ट्राने पाहिल्या. टाळेबंदीने अनेकांचे प्राण वाचविले असतील. पण तिचे ओझे सर्वांच्या खांद्यावर सारखे नव्हते, हे या एका घटनेने कायमचे नोंदविले आहे.

उत्सव, उपासना आणि संयम

या काळात धर्मजीवनाचीही कठोर परीक्षा झाली. शतकानुशतके पायी चालणारी आषाढी वारी २०२० मध्ये थांबली आणि मानाच्या पालख्या एस.टी. बसमधून पंढरपुरी नेण्यात आल्या. लालबागच्या राजाची स्थापना त्या वर्षी झाली नाही. मंडळाने त्याऐवजी रक्तदान आणि प्लाझ्मादान हाती घेतले. ६ एप्रिल २०२० रोजी भगवान महावीर जन्मकल्याणक आले ते मिरवणुकीविना. मुनिवर्य आणि साध्वीजी जेथे होते तेथेच त्यांना विहार थांबवावा लागला. प्रतिक्रमण घराघरांत झाले, आणि ‘मिच्छामि दुक्कडम्’ हे शब्द त्या वर्षी फोनवरून उच्चारले गेले.

पर्युषणात देरासरे उघडावीत यासाठी मुंबईतील एक तपागच्छ जैन ट्रस्ट न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. २१ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दादर, भायखळा आणि चेंबूर येथील तीन मंदिरे पर्युषणाच्या अखेरच्या दोन दिवसांपुरती उघडण्यास अनुमती दिली. तीही एका वेळी पाच आणि दिवसभरात अडीचशे दर्शनार्थींच्या मर्यादेत. आर्थिक व्यवहार सुरू होतात तेव्हा जोखीम मान्य होते आणि उपासनेच्या वेळी मात्र साथीचे कारण पुढे येते, याबद्दल न्यायालयाने आश्चर्य व्यक्त केले. त्याच वेळी ही सवलत गणेशोत्सवाच्या गर्दीस लागू नाही, हेही स्पष्ट केले. हा निकाल एका समाजाचा विजय म्हणून सांगितला जातो. वस्तुतः त्याचे मर्म त्या पाच आणि अडीचशेच्या आकड्यांत आहे. मागणी करणाऱ्यांनी मर्यादा स्वतःहून मान्य केली, म्हणून दार उघडले.

सर्वसामान्य भाविकांसाठी राज्यातील मंदिरे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळी पाडव्यास उघडली. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेस, कायमची खुली झाली.

या काळात मुखवस्त्राविषयी बरेच लिहिले गेले. मुहपत्ती आणि मास्क एकच, असे अभिमानाने सांगण्यात आले. येथे थोडा विवेक हवा. मुहपत्ती ही वायुकायिक आणि सूक्ष्म जीवांविषयीच्या करुणेतून आली. मास्क हा रोगापासून बचावासाठी आला. एकाचा अर्थ दुसऱ्यास चिकटविणे योग्य नव्हे. मात्र आपल्या श्वासानेही दुसऱ्याला इजा होऊ शकते ही जाणीव दोहोंत समान आहे, आणि ती जाणीव ज्या घरांत आधीपासून होती तेथे मास्क बांधणे जड गेले नाही.

सेवेच्या बाबतीतही नोंद घेण्याजोगे काम झाले. पुण्यातील भारतीय जैन संघटनेने फिरत्या दवाखान्यांद्वारे वस्त्यावस्त्यांत तपासणी केली. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बाराशे मुलांना वाघोलीत आश्रय देणाऱ्या या संघटनेस संकटाच्या वेळी काय करावे हे नव्याने शिकावे लागले नाही. धारावीत १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण आढळला तेव्हा सर्वनाशाचे भाकीत केले जात होते. महापालिकेचे कर्मचारी, खासगी डॉक्टर आणि स्वयंसेवक यांनी घरोघर तपासणी करून साथ आटोक्यात आणली. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा गौरवाने उल्लेख केला. रँडच्या काळातही घरोघर तपासणीच झाली होती. फरक इतकाच की, येथे दारात उभा राहिलेला माणूस ओळखीचा होता.

लस येते

या साथीवरील दोन्ही प्रमुख लशींचे नाते पुण्याशी आहे. १९६६ मध्ये सायरस पूनावाला यांनी स्थापन केलेल्या सीरम इन्स्टिट्यूटने ऑक्सफर्ड विद्यापीठ व अॅस्ट्राझेनेका यांची लस ‘कोविशिल्ड’ या नावाने तयार केली. हैदराबादच्या भारत बायोटेकने ‘कोव्हॅक्सिन’ बनविली; तिच्यासाठी लागणारा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने वेगळा करून दिला होता. ३ जानेवारी २०२१ रोजी दोहोंना आपत्कालीन वापराची मान्यता मिळाली. १२ जानेवारीच्या पहाटे सीरमच्या आवारातून शीतगृहयुक्त ट्रक पुणे विमानतळाकडे निघाले. निघण्यापूर्वी त्यांची पूजा झाली. १६ जानेवारी रोजी देशभर लसीकरण सुरू झाले. प्रथम आरोग्य कर्मचारी, १ मार्चपासून साठीपुढील नागरिक आणि ४५ वर्षांवरील व्याधिग्रस्त, १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्व आणि १ मेपासून १८ वर्षांवरील सर्व, असा क्रम ठरला.

नेमकी याच वेळी दुसरी लाट आली. फेब्रुवारीत अमरावती, अकोला, यवतमाळ येथे रुग्ण वाढू लागले आणि १८ एप्रिल २०२१ रोजी राज्यात एका दिवसात ६८ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. रेमडेसिव्हिरच्या कुप्यांसाठी लोक रात्रभर रांगेत उभे राहिले. २१ एप्रिल रोजी नाशिकच्या महापालिका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीतून गळती होऊन वीसहून अधिक रुग्णांचा अंत झाला. विशाखापट्टणमहून प्राणवायूचे टँकर रेल्वेने आणावे लागले. त्याच दिवसांत नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यात मात्र प्राणवायूची टंचाई भासली नाही. कारण जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट ओसरत असतानाच प्राणवायूनिर्मितीचे प्रकल्प उभारून ठेवले होते. संकट नसताना केलेली तयारीच संकटात उपयोगी पडते.

लशीचीही टंचाई झाली. ‘आज लस उपलब्ध नाही’ असे फलक केंद्रांवर लागले. कोविन ॲपवर नोंदणी खुली होताच काही क्षणांत जागा भरत. ज्यांना स्मार्टफोन हाताळता येत नव्हता अशा वृद्धांसाठी सोसायटीतील, वाड्यातील तरुणांनी नोंदणी करून दिली. कोविशिल्डच्या दोन मात्रांमधील अंतर आधी चार ते सहा, मग सहा ते आठ आणि १३ मे रोजी बारा ते सोळा आठवडे झाले. त्यामुळे संभ्रम वाढला. २१ जूनपासून केंद्राने १८ वर्षांवरील सर्वांसाठी लस मोफत पुरविण्यास प्रारंभ केला आणि पुरवठा हळूहळू सुरळीत झाला. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी देशात शंभर कोटी आणि १७ जुलै २०२२ रोजी दोनशे कोटी मात्रा पूर्ण झाल्या.

शंका आणि विवेक

मुलकोवालची छाया नव्या काळातही पडल्यावाचून राहिली नाही. मे २०२१ मध्ये कांदिवलीच्या एका गृहसंकुलात भामट्यांनी बनावट शिबिर भरवून ३९० रहिवाशांना टोचले. पुढे तपासात मुंबईतील अशा अनेक शिबिरांतून दोन हजारांहून अधिक लोक फसविले गेल्याचे दिसले. लशीनंतर रक्तात गुठळ्या होण्याचा अत्यंत विरळ दुष्परिणाम कोविशिल्डच्या वर्गातील लशींत आढळला, हेही खरे. अशी माहिती दडविल्याने विश्वास वाढत नाही. किती लाखांत एखाद्यास धोका आणि रोगापासून धोका किती, हे तोलून सांगितल्यानेच तो वाढतो.

जैन घरांत एक निराळा प्रश्न विचारला गेला: ही लस अहिंसेशी सुसंगत आहे काय? जून २०२१ मध्ये कोव्हॅक्सिनमध्ये वासराचा रक्तद्रव असल्याची वार्ता पसरली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १६ जून रोजी खुलासा केला की, तो रक्तद्रव केवळ पेशी वाढविण्यासाठी वापरतात, पेशी पुढे धुऊन घेतल्या जातात आणि अंतिम लशीत त्याचा अंश राहत नाही. खुलासा खरा होता. तथापि निर्मितीच्या एका टप्प्यावर प्राणिज पदार्थ वापरला जातो हेही त्यातून मान्य झाले. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत या लशीची परीक्षा वीस माकडांवर झाली होती, हीही नोंद आहे. संवेदनशील मनास याची खंत वाटणे स्वाभाविक आहे, आणि ती खंत हास्यास्पद ठरविण्याचे कारण नाही. परंतु लस न घेतल्याने हिंसा टळते काय, याही प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. घरातील वृद्धास, शेजारच्या दमेकऱ्यास, उपाश्रयातील वयोवृद्ध साध्वीजींस आपल्यामुळे रोग झाला तर ती हिंसा कोणाच्या नावे? बहुसंख्य श्रावकांनी खंत मनात ठेवून दंड पुढे केला. पेशी वाढविण्याचे प्राण्यांवाचूनचे मार्ग शास्त्राने शोधावेत, ही मागणी मात्र यापुढेही करीत राहणे हे या समाजाचे कर्तव्य ठरते.

मेळघाटात आणि सातपुड्यात शंका वेगळ्या होत्या. तेथे कोरकू भाषेत समजावून सांगणारा शिक्षक आणि गावातीलच आशाताई सर्वांत अधिक उपयोगी पडल्या. आगाखानांच्या दंडाचीच ही नवी आवृत्ती होय.

सक्ती किती असावी, हा प्रश्नही शेवटी न्यायासनासमोर आला. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलमध्ये दोन्ही मात्रा घेतलेल्यांनाच प्रवेश होता. हे आदेश पुढे उच्च न्यायालयात टिकाव धरू शकले नाहीत. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कोणासही बळाने लस टोचता येणार नाही. मात्र समाजाच्या आरोग्यासाठी वाजवी मर्यादा घालता येतील. १८९७ च्या कायद्यापासून या निर्णयापर्यंतचे अंतर सव्वाशे वर्षांचे आहे.

जमाखर्च

२ एप्रिल २०२२ रोजी महाराष्ट्रातील सर्व निर्बंध उठले. तोही गुढीपाडवाच होता. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक आणीबाणी संपल्याचे घोषित केले. राज्यात नोंदलेले मृत्यू एक लाख अठ्ठेचाळीस हजारांच्या घरात आहेत. नोंदीबाहेर राहिलेल्यांची संख्या हा आजही वादाचा विषय आहे. अनेकांना आपल्या माणसाचे अखेरचे दर्शनही झाले नाही. त्यांच्यासाठी हा इतिहास नव्हे, तर अजून न मिटलेली जखम आहे.

प्लेगविषयी आज जे काही कळते ते तत्कालीन अहवाल, वृत्तपत्रे आणि संस्थांची दप्तरे यांमुळे. कोरोनाच्या काळात प्रत्येक गावातील धर्मशाळा, पांजरपोळ, भोजनशाळा आणि मंडळे यांनी काही ना काही केले. पण त्याची नोंद मोबाईलमधील निरोपांत अडकून राहिली आहे. किती पाकिटे अन्न वाटले, कोणत्या वस्तीत वाटले, कोणाला मिळाले नाही, लसीकरण शिबिरात किती लोक आले, किती आले नाहीत आणि का, हे सारे कागदावर उतरून संस्थांच्या दप्तरी जपले गेले पाहिजे. त्यात यशाबरोबर उणिवाही लिहाव्यात. पुढील साथ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती आल्यावर दप्तर उघडणाऱ्या तरुण विश्वस्तास गौरवाच्या ओळींपेक्षा या नोंदींचाच अधिक आधार वाटेल.